आधी आजाराचं नाव सांगा

'हार्मोनल बॅलन्स' असं लिहिलेली डबी हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक डब्यांवर तिथे एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक सापडेल आणि त्याच्या आसपास एक ओळ: 'नॉट फॉर मेडिसिनल युज'. औषध म्हणून वापरू नये, असं कंपनी स्वतः सांगते आहे. ही ओळ छापणं तिला भागच आहे, कारण तिने परवाना अन्नाचा घेतलाय. आता डबी सुलटी करा. पाळी वेळेवर, चेहऱ्यावरचे फोड कमी, चिडचिड शांत, वजन ताब्यात, केस दाट. समोर औषधाचं वचन आणि मागे औषध असल्याचा इन्कार. मला या पुठ्ठ्याचा मनापासून राग येतो.

राग यायला कायद्याचंही कारण आहे. १९५४ साली आपल्या संसदेने ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा केला, आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालण्यासाठी. त्याचं तिसरं कलम काढून वाचा. बायकांच्या पाळीचे विकार दुरुस्त करतो असं सांगणाऱ्या औषधाच्या जाहिरातीवर तिथे स्पष्ट बंदी आहे. परिशिष्टात गर्भाशयाचे विकार आहेत, मासिक स्रावाचे विकार आहेत आणि 'स्त्रियांचे आजार' असा सरसकट उल्लेखही आहे. बाई जे डॉक्टरांसमोर बोलायला कचरते तिथेच जाहिरातदार हात घालतो, हे त्या वेळच्या खासदारांना कळलं होतं. पण औषधाच्या व्याख्येचा जो भाग शरीराच्या कार्यावर परिणाम करणाऱ्या वस्तूंबद्दल बोलतो, त्यात 'अन्न वगळून' असं म्हटलेलं आहे. आजचा सगळा बाजार त्या फटीतून आत शिरला. पाळीचा विकार बरा करतो असं कुणी लिहीत नाही. समतोल राखतो, आधार देतो, असं लिहितात. दावा तोच पोहोचतो आणि गुन्हा कागदावर राहत नाही.

* * *

या डब्या विकत घेणाऱ्या बायका भोळ्या आहेत असं मला अजिबात वाटत नाही. त्यांची दुखणी खरी आहेत. पोट आवळून येतं, पाळी तीन-तीन महिने येत नाही किंवा आली की पंधरा दिवस थांबत नाही, रात्री अंगातून वाफा निघून झोप उडते, केसांचा पुंजका हातात येतो. हे सगळं घेऊन ती दवाखान्यात जाते तेव्हा तिला काय ऐकायला मिळतं? सतरा वर्षांची असेल तर 'लग्न झालं की होईल नीट'. पंचवीसची असेल तर 'एक मूल होऊ दे'. अडतीसची असेल तर 'टेन्शन घेऊ नका'. सत्तेचाळीसची असेल तर 'या वयात चालायचंच'. चार वयं, चार उत्तरं आणि एकाही उत्तरात तपासणी नाही. मग मोबाइलवर कुणी तरी म्हणतं, 'तुमचा त्रास आम्ही समजतो, दहा प्रश्नांची उत्तरं द्या.' ती देते. इतके प्रश्न तिला आजवर कुणी विचारलेलेच नसतात. शेवटी तिच्या नावाची म्हणून जी डबी निघते ती सगळ्यांना निघते तीच असते, पण कुणी तरी विचारलं याचं मोल ती देते. महिन्याला पाचशे-हजार रुपये.

हा धंदा नवा नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लिन या गावात लिडिया पिंकहॅम या बाईने १८७५ च्या सुमारास बायकांच्या आजारांवरचा वनस्पतींचा काढा बाटलीत भरून विकायला सुरुवात केली. त्यात मेथीचे दाणे होते, ब्लॅक कोहॉश नावाची मुळी होती आणि अठरा-वीस टक्के दारू होती. बाटलीवर तिचा प्रेमळ, आजीसारखा चेहरा होता. बायकांनी आपलं दुखणं पत्रातून कळवावं, उत्तर बाईच देईल, अशी जाहिरात होती, आणि हजारो बायका लिहीत होत्या. पिंकहॅम १८८३ मध्ये वारल्या. पत्रांना उत्तरं त्यानंतरही जात राहिली. अखेर १९०५ साली लेडीज होम जर्नल या मासिकाने तिच्या थडग्याचा फोटोच छापला, तेव्हा कुठे लोकांना कळलं.

पण त्या बायका तिला का लिहीत होत्या, हेही पाहायला हवं. त्याच दशकात रॉबर्ट बॅटी नावाचे सर्जन पाळीच्या त्रासावर आणि 'वेडा'वर उपाय म्हणून बायकांची निरोगी बीजकोशं काढून टाकत होते, आणि त्यांचं अनुकरण होत होतं. एकीकडे सुरी आणि दुसरीकडे बाटली. बाईने बाटली निवडली, यात तिचा काय दोष?

दीडशे वर्षांनंतर ब्लॅक कोहॉश आजही मेनोपॉजच्या डब्यांमध्ये आहे आणि मेथीही आहे. सुरीही आहे. तिच्याकडे पुढे येतो.

* * *

'हार्मोन्सचा समतोल बिघडलाय' हे कुठल्याही आजाराचं नाव नाही. निरोगी बाईच्या रक्तातलं इस्ट्रोजेन महिनाभरात कित्येक पटींनी वर चढतं आणि खाली येतं. ते स्थिर राहिलं तर पाळीच यायची नाही. इन्सुलिन हे हार्मोन आहे, थायरॉक्सिन हे हार्मोन आहे, कॉर्टिसॉल हे हार्मोन आहे. एका गोळीने या सगळ्यांना एकदम 'समतोल' करतो असं म्हणणाऱ्याला विचारावं, कशाचा समतोल, कुठल्या आकड्यावर आणि मोजला कुणी? उत्तर मिळत नाही.

थकवा, केस गळणं आणि अंगावरून जास्त जाणं, या तीन तक्रारी घेतल्या तरी त्यांच्या मागे किती वेगवेगळी कारणं असू शकतात! थायरॉइड मंदावलेली असेल. भारतातल्या आठ शहरांत पाच हजारांवर प्रौढांची तपासणी झाली, २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. साधारण अकरा टक्के लोकांत ग्रंथी मंदावलेली होती, आणि बायकांत हे प्रमाण पुरुषांहून जास्त होतं. त्यावरची गोळी दिवसाला काही रुपयांची आहे आणि ती खरं, मोजून घेतलेलं हार्मोन आहे. किंवा रक्त कमी असेल. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला, आणि महाराष्ट्रातही हा आकडा निम्म्याच्या वर आहे. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. किंवा गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ असेल. किंवा ही पाळी जाण्याची सुरुवात असेल. किंवा नैराश्य असेल, ज्याचं नाव घरात कुणी काढत नाही. प्रत्येकाचा उपचार निराळा. 'बॅलन्स'ची गोळी या सगळ्यांवर एकच झाकण घालते आणि खालचा आजार वाढत राहतो.

पीसीओएसचंही तेच. या विकाराचं वर्णन शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये केलं. सोनोग्राफीत दिसणाऱ्या 'गाठी' या गाठी नसतातच, त्या अर्धवट वाढून थांबलेल्या बीजपुटिका असतात. पाळी सुरू झाल्यापासून पहिली आठ वर्षं सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असं २०२३ चं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगतं, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या बीजकोशातही असंच चित्र दिसतं. तरी आपल्याकडे सोळाव्या वर्षी सोनोग्राफी होते, रिपोर्टावर 'पीसीओडी' लिहिलं जातं आणि पोरगी रडत घरी येते. त्या रात्री तिच्या मोबाइलवर जी जाहिरात झळकते ती कशाची असते, हे तिच्या वयाच्या कुठल्याही मुलीला विचारा.

ज्यांना खरोखर पीसीओएस आहे त्यांच्यात पुष्कळदा इन्सुलिन नीट काम करत नाही, म्हणून त्यांची साखर तपासायला हवी. पाळी महिनोन् महिने आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि पुढे त्यात कर्करोगाचा धोका असतो, म्हणून ते अस्तर औषध देऊन वेळोवेळी बाहेर पडू द्यावं लागतं. हे काम जवसाची पूड करत नाही. इनोसिटॉल या बहुचर्चित पुडीबद्दल सांगायचं तर त्याच २०२३ च्या मार्गदर्शनात तिचा पुरावा मर्यादित मानला आहे. अपाय कमी आहे, बाईची इच्छा असेल तर विचार करता येईल, पण मेटफॉर्मिन या औषधाला तो पर्याय नाही, इतपतच तिची जागा. पुडी विकणाऱ्याने एवढंच सांगितलं असतं तर माझं भांडण नव्हतं.

हो, जवसावरून आठवलं. सध्या 'सीड सायकलिंग' नावाचं एक खूळ आहे. पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात जवस आणि भोपळ्याच्या बिया, दुसऱ्यात तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया. त्याने हार्मोन्स सुधारतात याला भक्कम पुरावा नाही. जवसाची आणि तिळाची चटणी आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या भाकरीबरोबर खाल्ली जाते. ती चांगली आहे, खावी, बारा महिने खावी. तिच्यासाठी कॅलेंडर आणि पाचशे रुपयांचं पाकीट लागत नाही.

* * *

आता बायोटिनबद्दल, कारण हे फार थोड्या जणींना माहीत आहे आणि त्याने प्रत्यक्ष नुकसान होतं.

केस आणि नखांसाठी म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व गमींमध्ये आणि 'हार्मोन ब्यूटी' गोळ्यांमध्ये घातलं जातं, तेही शरीराच्या रोजच्या गरजेच्या शेकडो पट. प्रयोगशाळांत थायरॉइड आणि इतर हार्मोन्स मोजण्याच्या अनेक यंत्रांची रासायनिक पद्धतच बायोटिनवर आधारलेली असते. रक्तात बायोटिनचा पूर आला की यंत्र चुकतं. टीएसएच खोटं कमी दिसतं, टी-३ आणि टी-४ खोटे जास्त दिसतात. थायरॉइड धडधाकट असलेली बाई कागदावर थायरॉइड वाढलेली ठरते. थायरॉइड मंदावलेल्या बाईचा आजार कागदावर दिसेनासा होतो आणि तिची चालू गोळीही कमी केली जाऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. त्यात एका मृत्यूचा उल्लेख होता. हृदयविकाराच्या झटक्यात मोजलं जाणारं ट्रोपोनिन बायोटिनमुळे खोटं कमी आलं होतं.

हार्मोन्स नीट करायला घेतलेली गोळी हार्मोन्सची तपासणीच बिघडवते. डबीवर हे छापलेलं मी पाहिलेलं नाही. रक्त द्यायला जाल तेव्हा आपण काय काय घेतो ते लॅबमध्ये आणि डॉक्टरांना सांगा. बायोटिन किमान दोन दिवस आधी बंद करावं, मात्रा मोठी असेल तर त्याहूनही आधी, आणि किती आधी ते डॉक्टरांना विचारून.

अश्वगंधेचंही तसंच. तिने थायरॉइडची संप्रेरकं वाढू शकतात, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वेगवेगळ्या देशांत झाल्या आहेत, आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडे ती 'स्ट्रेस'वरची निरुपद्रवी मुळी म्हणून चहात, चॉकलेटात आणि गमीत घातली जाते. नाडी पाहून, प्रकृती पाहून, मोजकी मात्रा आणि ठरलेला काळ सांगणारा वैद्य वेगळा. तो समोर बसलेला असतो आणि त्याला जाब विचारता येतो. गमीला विचारता येत नाही.

* * *

'नैसर्गिक' या पाटीखाली काय काय विकलं जातं ते पाहू. १९४२ साली अमेरिकेत मेनोपॉजसाठी मंजूर झालेलं आणि पुढे जगभर गाजलेलं इस्ट्रोजेनचं औषध गाभण घोडींच्या लघवीतून काढलं जातं. ते पूर्णपणे नैसर्गिक आहे, आणि त्यातली कित्येक इस्ट्रोजेनं बाईच्या शरीरात कधीच नसतात.

याउलट मेक्सिकोतला एक रानटी कंद घ्या, आपल्या कोनफळाच्या कुळातला. त्यात डायोस्जेनिन नावाचं द्रव्य असतं, आणि ते आपल्या मेथीतही असतं. रसेल मार्कर या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने १९४० च्या दशकात त्या कंदातल्या द्रव्यापासून प्रयोगशाळेत प्रोजेस्टेरॉन बनवलं आणि सोन्याच्या भावाचं हार्मोन स्वस्त झालं. १९४४ मध्ये मेक्सिको सिटीत सिंटेक्स कंपनी उभी राहिली. तिथेच १९५१ मध्ये कार्ल जेरासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉरएथिस्टेरॉन बनवलं. कंदापासून प्रोजेस्टेरॉनपर्यंतच्या या पायऱ्या काचेच्या भांड्यात होतात. माणसाच्या पोटात किंवा कातडीवर त्या होत नाहीत. रानकंदाचं 'नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन' क्रीम चोळून शरीरात प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. बाळंतिणीला मेथीचे लाडू जरूर द्या. त्यातून तिला हार्मोन मिळतं असं मात्र कुणी सांगू नये.

आणि ते नॉरएथिस्टेरॉन? ते आपल्या घराघरांत आहे. गौरी-गणपती, घरातलं लग्न, सत्यनारायण, पंढरीची वारी, यांच्या आधी 'पाळी पुढे ढकलायची गोळी' म्हणून बायका जी घेतात ती हीच. कितीदा तरी चिठ्ठीशिवाय, मेडिकलवाल्याला नुसतं सांगून. ज्या बाईला रक्ताची गुठळी होण्याचा धोका आहे, तिला ही गोळी जिवावर बेतू शकते. पण सासू देते, जाऊ देते, मोठी बहीण देते. तीच सासू पन्नाशीच्या सुनेला डॉक्टरांनी तपासून हार्मोन लिहून दिलं की म्हणते, 'हार्मोन नको गं बाई, कॅन्सर होतो.' देवाच्या सोवळ्यासाठी हार्मोन चालतं, बाईच्या झोपेसाठी चालत नाही. हे मला सहन होत नाही.

* * *

ती भीती कुठून आली तेही सांगतो. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अभ्यासात १६,६०८ बायकांना इस्ट्रोजेन आणि कृत्रिम प्रोजेस्टिन एकत्र किंवा खोटी गोळी दिली जात होती. जुलै २००२ मध्ये तो भाग मध्येच थांबवला गेला. दर १० हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ८ रुग्ण जास्त आढळले, पक्षाघाताचेही ८. खुब्याची हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र ५ ने कमी झालं. मथळ्यांत फक्त कर्करोग राहिला. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटली होती, हे मथळ्यांत आलंच नाही. गर्भाशय काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, तो भाग २००४ मध्ये थांबला, आणि त्यात स्तनाचा कर्करोग वाढला नव्हता. हेही फारसं कुणी सांगितलं नाही.

आजचं वैद्यकीय मत असं आहे: वय साठच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसतील, त्रास खरोखर होत असेल, आणि स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव यांतलं काही नसेल, तर बहुतेक बायकांसाठी हार्मोन उपचाराचा फायदा धोक्यापेक्षा मोठा आहे. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. अंगातून वाफा निघण्यावर याच्याइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही. लघवीची जळजळ पुन्हा पुन्हा होत असेल, संबंधाच्या वेळी दुखत असेल, तर योनीत लावायचं अगदी कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम मिळतं. वर्षानुवर्षं बायका ते दुखणं मुकाट सोसतात, कारण या क्रीमबद्दल त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

भारतात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्य देशांत ५१ च्या आसपास. म्हणजे आपल्या बायका इस्ट्रोजेनविना जास्त वर्षं काढतात, आणि हाडांची झीज लवकर सुरू होते.

जिला 'नैसर्गिक हार्मोन'च हवंय तिच्यासाठी तेही आहे. आपल्या बीजकोशात बनतं त्याच रचनेचं इस्ट्राडायॉल जेलमध्ये येतं आणि त्याच रचनेचं प्रोजेस्टेरॉन कॅप्सूलमध्ये. दोन्ही वनस्पतींतल्या द्रव्यांपासून बनवलेली, दोन्हींची मात्रा ठरलेली आणि दोन्ही औषधाच्या परवान्यावर. मात्र चिठ्ठी लागते, म्हणजे आधी कुणी तरी तपासावं लागतं.

मग डब्यांनी बरं वाटल्याचं इतक्या बायका का सांगतात? त्या खोटं बोलत नाहीत. मेनोपॉजच्या चाचण्यांत खोटी गोळी घेणाऱ्या बायकांच्या वाफाही निम्म्याहून कमी झालेल्या आढळल्या आहेत. लक्षणं काळाबरोबर ओसरतात आणि काळजी घेतली जातेय या भावनेनेही फरक पडतो. म्हणून कुठल्याही औषधाची चाचणी खोट्या गोळीच्या तुलनेत घ्यावी लागते. ब्लॅक कोहॉशने त्या तुलनेत स्वतःला सिद्ध केलेलं नाही. स्तनांच्या दुखण्यावर आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं इव्हनिंग प्रिमरोझ तेलही नाही. ब्रिटनने २००२ मध्ये पुराव्याअभावी त्याचा औषधाचा परवाना काढून घेतला.

* * *

आता सुरीकडे.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची गोष्ट २०१९ मध्ये देशभर पोहोचली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहातली एक. बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. कोयता म्हणून नवराबायकोची जोडी मोजली जाते, मुकादमाची उचल डोक्यावर असते, एक दिवस काम बुडालं की खाडा पडतो. फडात संडास नाही, पुरेसं पाणी नाही. पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही. अंगावरून पांढरं जायला लागतं, पोट दुखतं. यातली बरीच दुखणी साध्या जंतुसंसर्गाची, गोळ्यांनी बरी होणारी. ती खाजगी दवाखान्यात जाते आणि तिला सांगतात, पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. उचल घेऊन ती पिशवी काढते आणि ते कर्ज फेडायला पुन्हा ऊस तोडायला जाते.

पिशवीबरोबर बीजकोशंही काढली असतील तर तिचा मेनोपॉज त्याच दिवशी येतो, पस्तिसाव्या वर्षी. बीजकोशं ठेवली तरी पाळी जाण्याच्या वेळचे बदल काही वर्षं आधी सुरू होऊ शकतात. मग कंबर जाते, हाडं ठिसूळ होतात, झोप उडते, आणि डोक्यावर उसाची मोळी तशीच. इतक्या कमी वयात बीजकोशं गेलेल्या बाईला, तिला काही मनाई नसेल तर, नैसर्गिक मेनोपॉजच्या वयापर्यंत हार्मोन द्यावं, हे वैद्यकशास्त्राचं सरळ सांगणं आहे. महाराष्ट्रात हार्मोनची खरी गरज कुणाला असेल तर ती हिला. तिला ना जेल मिळालं, ना कॅप्सूल, ना साधी कॅल्शियमची गोळी. पुण्या-मुंबईत जिला काही गरज नाही तिच्या मोबाइलवर मात्र दिवसातून दहादा हार्मोनची जाहिरात येते.

दोघींच्या बाबतीत चूक एकच झाली. दोघींनी त्रास सांगितला आणि दोघींना कुणी तपासलं नाही. एकीचा अवयव काढून घेतला, दुसरीचे पैसे. नुकसान सारखं नाही आणि मी ते सारखं म्हणणार नाही. पण निदानाची जागा रिकामी ठेवली की तिथे कोण येऊन बसतं ते दोन्हीकडे दिसतं.

एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितलं. त्यांचं आपल्या जिल्ह्यात काय झालं, हे प्रत्येक जिल्हा परिषदेत विचारलं गेलं पाहिजे. पिशवी काढलेल्या प्रत्येक ऊसतोड बाईची हाडं आणि हार्मोन्सची गरज राज्याने स्वतःच्या खर्चाने तपासली पाहिजे. हंगाम सुरू होण्याआधी, गावातच.

डब्यांच्या बाबतीत आपल्या राज्याला सबब सांगायला जागा नाही. महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन एकच आहे, अन्न त्याच्याकडे आणि औषधही त्याच्याकडे. 'हे आमचं टेबल नाही' असं इथे म्हणता येत नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या ५३ व्या कलमात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. अन्नाच्या परवान्यावर पाळी दुरुस्त करायचं वचन देणाऱ्या डब्यांवर तो लावा आणि कुणाला लावला ते जाहीर करा. गोळी दुकानातून विकली जावो नाही तर मोबाइलवरून, विक्रेत्याचा पत्ता महाराष्ट्रात असेल तर ही जबाबदारी तुमचीच आहे.

डॉक्टरांना विनंती आहे की 'या वयात चालायचंच' हे वाक्य सोडून द्या. त्या जागी एक प्रश्न विचारा आणि एक तपासणी लिहा.

आणि ताई, तुमच्यासाठी. पुढची डबी मागवण्याआधी हिमोग्लोबिन, टीएसएच आणि साखर तपासून घ्या. गेल्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा कागदावर लिहा, घेत असलेल्या सगळ्या गोळ्या, गमी आणि चूर्णं पिशवीत घाला आणि ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. आजाराचं नाव विचारा. गर्भाशयाची पिशवी काढायला सांगितली तर कारण लिहून मागा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्ताचा डाग दिसला, एकच का असेना, तर कुठलीही डबी न उघडता त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. तो कर्करोगाचा पहिला इशारा असू शकतो, आणि लवकर सापडला तर तो बरा होतो.